आज कोण नाचतंय?

कुठला बॅले लागलाय, हा माझा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न, कोण नाचतंय? लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या रॉयल ऑपेरा हाउसचं नव्या हंगामाचं वेळापत्रक आलं की मी वार बघत नाही, तारखा बघत नाही. कुठल्या रात्री कुठली जोडी, ते आधी बघते. एकाच हंगामात एकच ‘स्वान लेक’ पाच-सात वेगवेगळ्या जोड्या नाचतात. संगीत तेच, पावलं तीच, पडदे तेच. तरी सोमवारी पाहिलेला बॅले गुरुवारी ओळखू येत नाही. माझे आजोबा गिरगावात साहित्य संघात ‘सौभद्र’ला जायचे ते अर्जुनाला सुभद्रा मिळते की नाही हे बघायला नव्हे. आज कोण गाणार आणि कसं गाणार, यासाठी जायचे. ती सवय माझ्यात उतरली आहे, फक्त गाण्याच्या जागी पाय आले.

बसायची माझी जागा ठरलेली, सगळ्यात वर, ॲम्फिथिएटरमध्ये. 1858 साली उभी राहिलेली ही इमारत, आत बावीसशेच्या वर माणसं मावतात, आणि वरून चेहरे करंगळीच्या नखाएवढे दिसतात. त्यासाठी पर्समध्ये छोटी दुर्बीण असते. पण वरून एक गोष्ट दिसते ती खालच्या महागड्या खुर्चीतून दिसत नाही. रंगमंचाच्या जमिनीवर नर्तकांनी आखलेली नक्षी. चोवीस मुलींची तिरपी रांग खरोखर सरळ आहे का, हे वरूनच कळतं. शुक्रवारी दुपारी एक वाजता पुढच्या आठवड्याची थोडी तिकिटं नव्याने विक्रीला निघतात. त्या वेळेला मी ऑफिसात मीटिंग ठेवत नाही. का, ते माझ्या सहकाऱ्यांना आता विचारावं लागत नाही.

बॅलेची गोडी मला लागली ती सिल्व्ही गिलेमच्या ‘मॅनन’मुळे. ऑफिसातल्या एका बाईंना ऐनवेळी जाता येत नव्हतं, त्यांचं तिकीट माझ्याकडे आलं. तोवर बॅले म्हणजे नाताळात मुलांना दाखवायचा ‘नटक्रॅकर’, एवढीच माझी समजूत. गिलेमचे पाय कानापर्यंत जात, त्याबद्दल तिची ख्याती होती. मला मात्र तिची चाल लक्षात राहिली. पहिल्या अंकात मॅनन गाडीतून उतरते आणि सराईच्या अंगणात चार पावलं टाकते. त्या चार पावलांत या मुलीला आपल्या रूपाची किंमत ठाऊक आहे, हे कळलं. तेव्हापासून माझा एक नियम झाला. नर्तकाला नाचताना बघायचं, पण त्याची परीक्षा करायची ती दोन स्टेप्सच्या मधल्या जागेत. तो चालतो कसा, थांबतो कसा, समोरच्याचं ऐकतो कसा.

कारण पाय इथे सगळ्यांचेच चांगले असतात. रॉयल बॅले स्कूलमध्ये मुलं अकराव्या वर्षापासून राहायला येतात, रिचमंड पार्कमधल्या व्हाइट लॉजमध्ये. दर वर्षी गाळणी लागते, कितीतरी मुलं परत जातात. शिवाय जपान, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल, कुठून कुठून स्पर्धा जिंकून आलेली पोरं. त्यातून रॉयल बॅले या इथल्या कंपनीत घेतलेल्या माणसाला पाचव्या रांगेतल्या भूमिकेतही गिरकी चुकत नाही. म्हणून केवळ गिरकीवर टाळी देणं मला जमत नाही.

नृत्यरचनाकार मॅकमिलनच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चा तिसरा अंक घ्या. रोमिओ निघून गेलाय, आईबाप पॅरिस या उमरावाशी लग्न कर म्हणून धमकावून गेलेत. ज्युलिएट पलंगाच्या कडेवर बसते आणि समोर बघते. बस, इतकंच. प्रोकोफिएव्हचा ऑर्केस्ट्रा चढत चढत छाती फुटेल इतका मोठा होतो आणि ती हलत नाही. एखाद्या नृत्यरचनाकाराने आपल्या नायिकेला तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात कठीण क्षणी नुसतं बसवून ठेवावं, याला धाडस लागतं. 1965 साली हा बॅले मॅकमिलनने लिन सीमोर आणि ख्रिस्तोफर गेबल यांच्यावर बसवला; पहिल्या रात्री मात्र मार्गो फाँटेन आणि रुडॉल्फ नुरेयेव्ह यांना उभं केलं गेलं आणि पडदा 43 वेळा उघडावा लागला. सीमोर 2023 मध्ये गेल्या. त्यांच्या वाट्याला पहिली रात्र आली नाही, पण त्या पलंगावर बसणारी प्रत्येक मुलगी त्यांच्याच जागेवर बसते.

त्या एका मिनिटावर मी सगळ्या ज्युलिएट तोलते. फ्रान्सेस्का हेवर्ड बसते तेव्हा ती आरंभी लहान दिसते, शाळेतून रागावून घरी आणलेल्या पोरीएवढी. मग काहीही न करता तिचं वय वाढतं. मान किंचित वर येते, आणि उठून फ्रायर लॉरेन्सकडे धावते ती बाई असते. हेवर्ड नैरोबीत जन्मली, इंग्लंडमध्ये ससेक्सला वाढली, 2016 पासून प्रमुख नर्तकी आहे. माझ्या मते आजच्या घडीला इथे तिच्याएवढी खरी ज्युलिएट दुसरी नाही. नतालिया ओसिपोव्हा बसते तेव्हाही पळत असते. तिला थांबणं जमत नाही, आत काहीतरी उसळत असतं ते बाहेर दिसतंच. कुणाला तेच आवडतं. मला तिची ज्युलिएट दमवते. ओसाकाची फुमी कानेको थंड आहे, असं आमच्या रांगेत बोललं जातं. मला हे बिलकूल पटत नाही. ती मोजून खर्च करते. पहिल्या दोन अंकांत हात राखून नाचते म्हणून तिसऱ्यात तिच्याकडे शिल्लक असते. वादिम मुंतागिरोव्हबरोबर ती ज्युलिएट नाचली तेव्हा थडग्यातल्या दृश्यात माझ्या शेजारचे गृहस्थ चष्मा पुसत होते. थंड बाईला बघून कोणी चष्मा पुसत नाही.

आता ‘स्वान लेक’. सध्याचं रॉयल बॅलेचं ‘स्वान लेक’ लियम स्कार्लेटने 2018 मध्ये बसवलेलं. जॉन मॅकफार्लेनचे सेट इतके देखणे की तिसऱ्या अंकाचा राजवाडा उघडला की लोक सेटलाच टाळ्या देतात. याच अंकात त्या बत्तीस गिरक्या येतात, एका पायाच्या टोकावर, दुसऱ्या पायाने हवा कापत, जागा न सोडता. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने 1895 मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्या ‘स्वान लेक’मध्ये घातल्या आणि तेव्हापासून प्रत्येक ओडीलच्या, म्हणजे राजपुत्राला फसवणाऱ्या काळ्या हंसिणीच्या, मानगुटीवर बसल्या. आठव्या-दहाव्या गिरकीला टाळ्या सुरू होतात. मला त्या टाळ्यांचा राग येतो. चायकोव्हस्की ऐकू येत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे कपटाचा प्रसंग चाललाय हे प्रेक्षक विसरून जातात. ही बाई सर्कस करत नाहीये, एका भोळ्या पोराला फसवतेय.

हे न विसरू देणारी नर्तकी म्हणजे मारियानेला नून्येझ. ब्वेनोस आयरेसची ही मुलगी 1998 मध्ये कंपनीत आली, 2002 मध्ये प्रमुख झाली, आणि आता चाळिशी ओलांडून ओडेट-ओडील, म्हणजे पांढरी आणि काळी हंसिणी दोन्ही, नाचतेय. तिच्या गिरक्या उत्तम आहेतच. मी बघते ते गिरक्या संपल्या की ती राजपुत्राकडे वळते तेव्हा. श्वास लागलेला असणार, पाय पेटलेले असणार, आणि चेहऱ्यावर फक्त एक सवाल, पटलं ना? तिच्या ओडेटमध्ये संगीत हातांतून वाहतं. स्वर संपायला आला की तिचं मनगट शेवटचा कण घेऊन खाली येतं. वाद्यवृंदाला ती अनुसरत नाही आणि ओढतही नाही. दोघं मिळून श्वास घेतात. लंडनमध्येच जन्मलेली, वाढलेली यास्मिन नागदी याच भूमिकेत वेगळी. तिची रेषा अधिक स्वच्छ, मान उंच, जन्मजात राणी. ओडील म्हणून ती मला नून्येझहून धोकादायक वाटते. ओडेट म्हणून मात्र जराशी दूरची. तिला वाचवावं असं वाटत नाही, तिच्यापुढे वाकावंसं वाटतं.

आणि मुंतागिरोव्ह. रशियात चेल्याबिन्स्कला जन्म, आईवडील दोघेही नर्तक, लंडनच्याच शाळेत शेवटचं शिक्षण, आधी इंग्लिश नॅशनल बॅले, 2014 पासून इथे. एकदा चुकून स्टॉलमध्ये, अगदी पुढे, जागा मिळाली तेव्हा लक्षात आलं की त्याची उडी खाली येते तेव्हा आवाज होत नाही. बाकीच्यांच्या उड्यांना जमीन असते. त्याची उडी कुठे संपली आणि पुढची स्टेप कुठे सुरू झाली, ते सांगता येत नाही. त्याच्यावर आक्षेप एकच. त्याच्या चेहऱ्यावर खलपणा उमटत नाही. राजपुत्र, कवी, हरवलेला प्रियकर, हे सगळं त्याचं. दुष्ट माणूस त्याला साकारता येईल असं मला वाटत नाही. कुणाला हा दोष वाटेल. मला तो त्याचा स्वभाव वाटतो, आणि स्वभावाविरुद्ध नाचणारे फार कमी असतात.

‘मॅनन’ला 2024 मध्ये पन्नास वर्षं झाली. 1974 साली अँटोइनेट सिबली आणि अँथनी डोवेल यांनी तो पहिल्यांदा नाचला. संगीत मासनेचं, पण त्याच्या ‘मॅनन’ ऑपेरातला एक स्वरही त्यात नाही; त्याच्या इतर रचना जुळवून घेतलेल्या. पन्नाशीच्या त्या हंगामात मी दोन जोड्यांकडे लक्ष ठेवून होते. ओसिपोव्हा आणि स्कॉटलंडचा उंचापुरा रीस क्लार्क ही एक जोडी. जी ओसिपोव्हा ज्युलिएट म्हणून मला दमवते, तीच मॅनन म्हणून मला खुर्चीत सरळ बसवते. दुसऱ्या अंकात मादामच्या कोठीवर पुरुषांची टोळी मॅननला हातोहात पुढे सरकवते. तिचे पाय जमिनीला लागतच नाहीत. बहुतेक नर्तकी इथे वस्तू होतात. ओसिपोव्हा वस्तू होत नाही. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ती प्रत्येकाच्या खिशाचा अंदाज घेत असते. दुसरी जोडी हेवर्ड आणि लिस्बनचा मार्सेलिनो सांबे. यांच्यात व्यवहार नाही, नुसती भूल आहे. पहिल्या अंकातल्या शयनगृहात मॅननचा प्रियकर द ग्रिए पत्र लिहीत बसलेला असतो, मॅनन येऊन त्याच्या हातातली लेखणी काढून घेते. सांबे तेव्हा जसा वर बघतो, त्या एका क्षणात या माणसाचं आयुष्य आता उद्ध्वस्त होणार हे लिहून ठेवलेलं असतं. सांबेची उडी मोठी आहे, पण द ग्रिएचं पहिलं संथ एकल नृत्य मात्र डोवेलच्या लांबलचक रेषेसाठी बेतलेलं. तिथे क्लार्क अधिक शोभतो, आणि मुंतागिरोव्ह सगळ्यांत अधिक.

याच ‘मॅनन’च्या एका प्रयोगात, ऑक्टोबर 2019 मध्ये, स्टीव्हन मॅक्रेचा घोट्यामागचा स्नायुबंध रंगमंचावरच तुटला. ऑस्ट्रेलियातून शाळेत आलेला हा पोरगा, विजेसारख्या वेगासाठी नावाजलेला. पस्तिशीच्या उंबरठ्यावर अशी दुखापत म्हणजे संपलं, असंच बोललं गेलं. दोन वर्षांनी, ऑक्टोबर 2021 मध्ये, तो रोमिओ म्हणून परतला. पूर्वी त्याला बघताना वेगाने डोळे दिपायचे. परतल्यावरचा मॅक्रे मला अधिक आवडतो. त्याच्या पायात आता किंचित विचार आहे; प्रत्येक उडीआधी शरीराला विचारून घेतल्यासारखा अर्धा क्षण. दोन स्टेप्सच्या मधली ती जागा त्याला दुखापतीने दिली.

आमच्या रांगेत एक बाई असतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी फाँटेन पाहिलीय, सीमोर पाहिलीय, आणि त्यांचं ठाम मत असं की आजकालच्या पोरी पाय फार उंच नेतात. नृत्यरचनाकार फ्रेडरिक ॲश्टनच्या नृत्यात महत्त्व कमरेच्या वरच्या भागाला. धड वाकलं पाहिजे, खांदे बोलले पाहिजेत, पायांची बारीक बारीक पावलं भराभर पडली पाहिजेत. पाय कानाला लावलात तर धड वाकायला जागाच उरत नाही, असं त्या म्हणतात, आणि मध्यंतरात कॉफीचा कप हातात धरून खांदे वाकवून दाखवतातही. मी त्यांच्याशी अर्धी सहमत आहे. ॲश्टनच्या 1960 सालच्या ‘ला फी मल गार्दे’त विधवा सिमोन लाकडी खडावा घालून नाचते, कोंबड्या नाचतात, आणि रंगमंचावर चक्क खरं तट्टू येतं. तो बॅले हसऱ्या अंगाने नाचावा लागतो. ॲना रोझ ओ’सलिव्हनला ते येतं. ती धावते तेव्हा तिच्या खांद्यांनाही धावायचं असतं. पण पूर्वीचं सगळं चांगलं हे मला मान्य नाही. जुन्या चित्रफिती मी बघते. फाँटेनची मान आणि नजर यांना तोड नाही, पण त्या काळच्या मागच्या रांगा आजच्या मागच्या रांगांपुढे उभ्या राहणार नाहीत. हे मी त्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही वरून बघता म्हणून.’’ त्याला उत्तर नव्हतं.

‘जिझेल’ हा माझा खरा कसोटीचा बॅले. पॅरिसमध्ये 1841 साली आला, तेव्हा कार्लोटा ग्रिसी जिझेल होती. इथला प्रयोग पीटर राइट यांचा, 1985 पासूनचा. त्यात जिझेलची आई मुलीला विलींची, म्हणजे लग्नाआधी मेलेल्या मुलींच्या भुतांची, गोष्ट सांगते ती पूर्ण हातवाऱ्यांनी. डोक्यावर दोन हात गोल फिरवले की नाच, मुठी मनगटावर एकमेकींवर ठेवून खाली आणल्या की मृत्यू. भरतनाट्यम् बघत वाढलेल्या माणसाला ही भाषा तोकडी वाटते, आणि आहेच. पण राइटच्या प्रयोगात ती आई गोष्ट सांगते तेव्हा अंगणातली सगळी पोरं हळूहळू एकमेकांजवळ सरकतात, आणि मला हे सरकणं हातवाऱ्यांपेक्षा अधिक बोलकं वाटतं. ओसिपोव्हाची जिझेल मी कार्लोस अकोस्ताबरोबर पाहिली. दुसऱ्या अंकात थडग्यातून उठलेली जिझेल विलींची राणी मिर्था हिच्या हुकमाने गरगरते, ती गती माणसाची नव्हे. तिची उडी वर जाते आणि तिथे थोडी रेंगाळते. इथे मात्र तिच्या आतली उसळी कामी आली. वेडाच्या प्रसंगातली तिची जिझेल वेडी होत नाही. ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करते आणि आठवत नाही म्हणून मरते.

याच जिझेलला अकरम खानने 2016 मध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी उलटंसुलटं केलं, तेव्हा आमच्या ओळखीच्या काही इंग्रज मंडळींनी नाकं मुरडली. अकरम लंडनमध्ये जन्मलेला, आईवडील बांगलादेशी, कथक प्रताप पवारांकडे शिकलेला. त्याच्या ‘जिझेल’मध्ये खेडं नाही, बंद पडलेल्या कपड्यांच्या कारखान्यातले स्थलांतरित कामगार आहेत. मधे एक प्रचंड भिंत, तिच्यापलीकडे मालक. विली म्हणजे कारखान्यात मेलेल्या बायका. त्या पॉइंट शूजवर सरकतात, हातात बांबूच्या काठ्या. भारतातल्या माणसाला यात समजावून सांगायचं काही उरत नाही. गिरण्यांच्या मुंबईत मोठी झालेली मी पहिल्या दहा मिनिटांत त्या भिंतीच्या अलीकडची झाले. तमारा रोहो तेव्हा कंपनीची कलादिग्दर्शकही होती आणि पहिली जिझेलही. जिझेलच्या मागे लागलेला हिलॅरियन होता सीझर कोरालेस, जो आता रॉयल बॅलेत प्रमुख आहे. अकरमच्या रचनेत पाय कथकसारखे जमिनीला मारायचे होते, आणि जमिनीपासून सुटायची तालीम घेतलेले हे पाय तिथे पहिल्यांदा खाली उतरले. बॅलेत गेल्या दहा वर्षांत मला याहून महत्त्वाचं काही घडलेलं दिसत नाही.

भारताची गोष्ट निघाली तर ‘ला बायादेर’ टाळून चालणार नाही. 1877 साली मारियुस पेतिपाने सेंट पीटर्सबर्गला बसवलेला, मिंकुसच्या संगीतावरचा बॅले. देवळातली नर्तकी निकिया, शूर सोलोर, राजकन्या गमझात्ती, राजा, फकीर, सोन्याची मूर्ती. गोवळकोंडा म्हणे. पेतिपाने भारत पाहिला नव्हता, आणि ते प्रत्येक पगडीत दिसतं. 2018 च्या नोव्हेंबरात नतालिया माकारोव्हाचा प्रयोग इथे लागला तेव्हा आई ठाण्याहून आली होती. मी तिला घेऊन गेले, कारण निकिया नून्येझ, गमझात्ती ओसिपोव्हा आणि सोलोर मुंतागिरोव्ह असा संच पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. पहिल्या अंकात महाब्राह्मण आला. आई कुजबुजली, ‘‘अगं, हा पुजारी म्हणतेस, मग याने डोक्यावर हे काय घातलंय?’’ पुढे तो निकियावर भाळला तेव्हा तिने माझ्याकडे बघून भुवई उंचावली. मध्यंतरात ती म्हणाली की पाय सुंदर आहेत, हात मुके आहेत. नमस्कार म्हणून जे काही करतात ते कोणत्या देवळात करतात, ते तिला कळलं नाही.

मग आला सावल्यांचा प्रसंग. अफूच्या गुंगीत सोलोरला मेलेली निकिया दिसते, एक नाही, अनेक. उतारावरून पांढऱ्या पोशाखातली एक मुलगी येते, एक पाय मागे उचलून पुढे झुकते, मागे रेलते, दोन पावलं टाकते. मग दुसरी. मग तिसरी. तीच हालचाल, चोवीस जणी, मिनिटांमागून मिनिटं, आणि कोणाचाही पाय थरथरून चालत नाही, कारण एकीचा पाय हलला तर सगळी रांग हलते. आईने दुर्बीण घेतली ती परत केलीच नाही. शेवटची मुलगी जागेवर आली तेव्हा ती म्हणाली, ‘‘हे कुठल्या देशाचं नाही बघ.’’ ‘ला बायादेर’बद्दल माझं मत तेव्हापासून तेच आहे. सावल्यांच्या आधीचा सगळा भाग कपड्यांचं दुकान आहे, त्याची डागडुजी करा, जागा बदला, काहीही करा. सावल्यांना हात लावू नका. अमेरिकेत तर 2024 मध्ये ही गोष्ट उचलून थेट 1930 च्या दशकातल्या हॉलिवूडमध्ये नेऊन ठेवली गेली. मला त्यात पाप दिसत नाही.

आपला आणि या रंगमंचाचा खरा संबंधही जुना आहे. 1923 च्या सप्टेंबरात याच कॉव्हेंट गार्डनमध्ये ॲना पावलोव्हाने ‘राधा-कृष्ण’ नाचला. कृष्ण होता उदय शंकर, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून लंडनच्या रॉयल कॉलेजात चित्रकला शिकायला आलेला तरुण. पावलोव्हाला हिंदुस्थानी नाच हवा होता, आणि त्या शोधातून उदय शंकरला स्वतःचा नाच सापडला. पेतिपाने कल्पनेतला भारत उभा केला. पावलोव्हाने निदान एका भारतीयाला शेजारी उभं करून विचारलं. आणि 2017 मध्ये मुंबईचा अमीरुद्दीन शाह, येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकन शिक्षकाकडे शिकून, रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. त्याच्या आणि मनीष चौहानच्या कहाणीवर सुनी तारापोरवालांनी ‘ये बॅले’ हा चित्रपट काढला. तो मुलगा दारात उभा राहिला तेव्हा शंभर वर्षांचं वर्तुळ वगैरे पूर्ण झालं असं मी म्हणणार नाही. एका मुलाला प्रवेश मिळाला. अजून खूप मिळायला हवेत.

मला विचाराल तर आता कोणाकडे लक्ष ठेवावं? स्वान्सीचा विल्यम ब्रेसवेल, 2022 पासून प्रमुख. फार गाजावाजा नाही, चाहत्यांची झुंबड नाही. पण रंगमंचावर दुसरं कोणी नाचत असताना त्याच्याकडे दुर्बीण लावा. तो बघत असतो, खरोखर बघत असतो. बाकीचे अनेक जण आपली पाळी येईपर्यंत सुंदर उभे राहतात. हा गोष्टीत उभा असतो. हेवर्डबरोबर तो ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या चित्रपटात आहे. त्यात त्याची उडी बघू नका, बाजाराच्या चौकात तो भिंतीला टेकून उभा असतो तेव्हाचा चेहरा बघा.

हे सगळं मुंबई-पुण्यात बसून वाचणाऱ्याला दूरचं वाटेल, पण एक सोय आहे. 2014 पासून दर वर्षी शरद ऋतूत जगभरच्या मोठ्या कंपन्या ‘वर्ल्ड बॅले डे’ला आपला सकाळचा सराववर्ग इंटरनेटवर फुकट दाखवतात. पोशाख नाही, सेट नाही. लोकरीचे मोजे, घामेजलेले टीशर्ट, लाकडी बार आणि कोपऱ्यात पियानो. नून्येझपासून काल भरती झालेल्या पोरापर्यंत सगळे एकच गुडघे वाकवण्याचा व्यायाम करतात. तो वर्ग लावा आणि पायांकडे दुर्लक्ष करा. मागच्या बाजूला उभ्या असलेल्यांपैकी कोण आरशात स्वतःला बघतंय आणि कोण पियानो ऐकतंय, तेवढं शोधा. जी ऐकताना सापडेल तिचं नाव लिहून ठेवा. काही वर्षांनी तीच ओडेट होईल, आणि तेव्हा शुक्रवारी एक वाजता मला तुमच्याशी भांडावं लागेल.